गोरखपूरची यादी परत आली

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि ऑफिसाऑफिसांतून जुने लॅपटॉप बाहेर निघू लागले. कुणी दुरुस्तीवाल्याकडे नेऊन विंडोज ११ टाकून घेतलं, कुणी मिळेल त्या भावाला मशीन विकून टाकलं, कुणी घरातल्या किंवा कामावरच्या पोरांच्या हाती दिलं. हातातून सोडण्याआधी बहुतेकांनी एक गोष्ट आठवणीने केली : फॉरमॅट मारला. त्यानंतर लॅपटॉप कोरा झाला, हे सगळ्यांनी गृहीत धरलं.

तो कोरा होतोच असं नाही. हे पटवायला तांत्रिक लेख लिहिता आला असता. पण भिवंडीत हा प्रश्न तंत्रापेक्षा माणसांचा आहे, म्हणून तो दोन माणसांच्या तोंडून मांडतो. एक मामा, एक भाची. नावं मुद्दाम देत नाही. लूमच्या ऑफिसांत आणि गोदामांत जे बोललं जातं तेच या दोघांच्या तोंडी घातलं आहे.

मामांचा यंत्रमागाचा शेड. खाली लूम, वर ऑफिस, जिन्यापर्यंत ग्रे कापडाचे तागे. भाची माणकोलीकडच्या एका गोदामात कामाला आहे. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप तिथे येतात, पुसले जातात, तपासले जातात आणि पुन्हा बाजारात जातात. मामांनी आपला २०१९चा लॅपटॉप शेडवरच्या मेहताजींच्या, म्हणजे हिशेबनिसांच्या, मुलीला द्यायचं ठरवलं होतं. पोरगी यंदा कॉलेजात गेली. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं. सुरू करताना मशीनने अकाउंट मागितलं, मामांनी आपलंच जुनं टाकलं. थोड्या वेळाने रिकाम्या डेस्कटॉपवर फायली उगवू लागल्या, प्रत्येकीशेजारी निळ्या ढगाची बारीक खूण. जीएसटीचे फोल्डर, मामीचे हॉस्पिटलचे रिपोर्ट, आणि एक एक्सेलची फाइल : ‘गोरखपूर फायनल २’.

मामा : मला तर बरंच वाटलं. गेलं असं समजून बसलो होतो, ते घरी परत आलं. त्यात रडण्यासारखं काय आहे?

भाची : मामा, हा लॅपटॉप उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार होता. तुझ्या घरी परत आलं नाही ते, मेहताजींच्या घरी निघालं होतं.

मामा : मेहताजी काय परके आहेत? माझा सगळा हिशेब त्यांच्याच हातचा. आणि तू ज्याला धोका म्हणतेस ना, त्यानेच मला वाचवलंय. २६ जुलै २००५ला पाणी शिरलं तेव्हा खालच्या कपाटातल्या वह्या लगदा झाल्या. कोणाकडून किती येणं होतं, कुठल्या कारीगराची किती उचल होती, सगळं तोंडावर राहिलं. ज्यांनी देऊन टाकलं त्यांनी दिलं, बाकीच्यांनी हात वर केले. त्या दिवसापासून मी एकही कागद टाकलेला नाही. कॉम्प्युटर आल्यावर तर प्रत्येक गोष्ट दोन-दोन ठिकाणी. २०१७-१८ सालाची जीएसटीची नोटीस आली २०२३मध्ये! सहा वर्षांपूर्वीची बिलं दाखवा म्हणे. जुन्या पेन ड्राइव्हवर टॅलीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. ज्याने पुसलं होतं तो भरत बसला.

भाची : बॅकअप ठेवू नको असं मी म्हणतच नाहीये.

मामा : मग काय म्हणतेस?

भाची : एवढंच, की तुला वाटलं पुसलं, आणि पुसलं गेलेलं नव्हतं. तू ठरवून ठेवलं असतंस तर माझी काही तक्रार नव्हती.

मामांची बाजू सहज उडवून लावण्यासारखी नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. शिवाय भिवंडीचा धंदा उधारीवर आणि शब्दावर चालतो. ज्याच्याकडे लिहिलेलं आहे त्याचं चालतं. पाण्यात आणि आगीत कागद गमावलेल्या माणसाला ‘पुसून टाक’ हा सल्ला अंगावर आल्यासारखा वाटणारच. तरीही भाचीने यानंतर जे समजावून सांगितलं ते प्रत्येक लॅपटॉपवाल्याने ऐकायला हवं.

मामा : पण मला हे सांग, पुसलेलं परत येतं कसं? दुरुस्तीवाल्याने फसवलं का मला?

भाची : नाही. तू सांगितलंस तेवढं त्याने केलं. परत यायच्या वाटा तीन असतात. पहिली, डी ड्राइव्ह. आपल्याकडे लॅपटॉपचे सी आणि डी असे दोन भाग पाडून देतात. विंडोज सीमध्ये, टॅलीचा डेटा आणि फोटो डीमध्ये. फॉरमॅट मारताना दुरुस्तीवाले डीला सहसा हात लावत नाहीत, कारण गिऱ्हाइकाचा डेटा गेला तर तो भांडायला येतो. तुझा डी उघडून बघ.

मामांनी उघडला. २०१९पासूनचं सगळं होतं तसं होतं.

भाची : दुसरी वाट, अकाउंट. केव्हातरी मशीनने तुला विचारलं असेल की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट वनड्राइव्हवर ठेवू का, आणि तू ‘हो’ दाबलं असशील. तेव्हापासून त्याची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर आहे. लॅपटॉप पुसला, सर्व्हर कोण पुसणार? तू अकाउंट टाकलंस आणि त्याने इमानदारीने सगळं खाली उतरवलं. क्रोमचंही तसंच. त्यात तू गूगलचं अकाउंट टाकशील तेव्हा बँकेचे आणि जीएसटी पोर्टलचे सेव्ह केलेले पासवर्डसुद्धा येतील. मेहताजींच्या पोरीने कॉलेजचा फॉर्म भरायला क्रोम उघडलं की तुझं नाव वरच्या कोपऱ्यात.

मामा : आणि तिसरी?

भाची : तिसरी खुद्द ड्राइव्हच्या आत. आपल्या गोदामात माल उचलला असं रजिस्टरमध्ये लिहायचं, पण गाठोडं रॅकवर तसंच पडू द्यायचं, आणि नवा माल आला की मगच ते हलवायचं, असा कारभार समज. जुन्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारला की फक्त नोंद जाते. मजकूर जागेवरच असतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. रिकुव्हा, फोटोरेक असली फुकट सॉफ्टवेअर तो शोधून काढतात.

मामा : याच्यात तर एसएसडी आहे. मागच्या वर्षी टाकून घेतली.

भाची : एसएसडीत डिलीट केलेल्या जागा ड्राइव्ह स्वतःहून साफ करतो, त्यामुळे साध्या सॉफ्टवेअरने फार काही मिळत नाही. पण तो आतल्या आत जागा बदलत राहतो, काही राखीव जागा आपल्याला दिसतही नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी २०११मध्ये प्रयोग करून दाखवलं, की एसएसडीवर एकेका फाइलवर दुसरं काही लिहून ती पुसायची एकही पद्धत भरवशाची निघाली नाही. काही ड्राइव्हमध्ये तर कंपनीने दिलेली पुसण्याची सोयच सदोष होती. आणि मामा, तुझी जुनी हार्ड डिस्क काढली ती कुठे आहे?

मामा : ती दुरुस्तीवाल्याकडेच राहिली असेल. मी काय करू तिचं?

हा प्रश्न मामांच्या मनात त्या क्षणापर्यंत आलेला नव्हता, आणि तो बहुतेकांच्या मनात येत नाही. जुन्या लॅपटॉपचा वेग वाढवायला एसएसडी टाकून घेणं ही गेल्या काही वर्षांतली लोकप्रिय दुरुस्ती. बदललेली हार्ड डिस्क मागून घेणारे किती? ती खोक्यात पडते, खोकं भंगारात जातं, आणि भंगार कुठून कुठे फिरतं हे भिवंडीच्या माणसाला सांगायला नको.

चूक दर वेळी वापरणाऱ्याचीच असते असंही नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः मान्य केलं, की विंडोज रीसेट करताना ‘सगळं काढून टाका’ हा पर्याय निवडूनही वनड्राइव्हमधून उतरलेल्या काही फायली मशीनवर राहू शकतात. दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये आली. मे २०२४मध्ये आयफोनचं १७.५ हे अपडेट टाकल्यावर काही लोकांना फार पूर्वी डिलीट केलेले फोटो पुन्हा दिसू लागले. अ‍ॅपलने काही दिवसांत १७.५.१ काढून सांगितलं, की डेटाबेस बिघडल्यामुळे हे क्वचित काही फोनांत झालं. दोन्ही वेळा माणसाने योग्य तेच बटण दाबलेलं होतं.

मामा : समजा राहिलं. पण भिवंडीतल्या एका लूमवाल्याचा लॅपटॉप उघडून बघायला कोणाला वेळ आहे?

भाची : वेळ लागत नाही. एमआयटीच्या सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलात या दोघांनी २०००पासून दोनेक वर्षं जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. १२९ चालू निघाल्या. नीट पुसलेल्या किती? फक्त १२. एका डिस्कवर तर एटीएम मशीनचा डेटा होता. हे दोघे विद्यार्थी होते, त्यांनी छापून लोकांना सावध केलं. दुसऱ्या कोणाच्या हाती लागलं असतं तर?

मामा : ती वीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

भाची : मग अलीकडची ऐक. मॉर्गन स्टॅनली, अमेरिकेतली बडी वित्तसंस्था. जुने सर्व्हर आणि डिस्क काढायचं काम त्यांनी सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं, जिला डेटा पुसण्याचा अनुभवच नव्हता. तो माल पुढे विकला गेला आणि ऑनलाइन लिलावात आला, काही डिस्कवर ग्राहकांची माहिती तशीच. सप्टेंबर २०२२मध्ये त्यांना साडेतीन कोटी डॉलर दंड झाला. एवढ्या मोठ्या कंपनीने ‘पुसलं असेल’ असं धरून चाललं. आमच्या गोदामात म्हणून कोणाच्या शब्दावर मशीन पुढे जात नाही. प्रत्येक ड्राइव्ह पुसला, पुसल्यावर तपासला, त्याचा नंबर लिहिला, मगच बाहेर.

मामा : त्या बँका. मी कोण?

भाची : तू ‘गोरखपूर फायनल २’चा मालक. उघड ती फाइल.

ही फाइल काय आहे ते सांगायला हवं. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, लूम थांबले, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारीगरांची मिळकत त्याच दिवशी थांबली. लोक मुंबई-नाशिक महामार्गाने चालत निघाले. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. गाडीत जागा मिळायची तर यादी द्यावी लागे : नाव, गाव, जिल्हा, आधार क्रमांक, मोबाइल, सुरुवातीला डॉक्टरांचं प्रमाणपत्रही. पोलीस ठाण्यासमोर रांगा लागल्या. ज्यांना लिहिता येत होतं, ज्यांच्याकडे लॅपटॉप होता, त्यांनी दुसऱ्यांसाठी याद्या केल्या. शेडमालकांनी केल्या, मेहताजींनी केल्या, मोहल्ल्यातल्या पोरांनी रात्र रात्र बसून केल्या. त्या दिवसांत भिवंडीत झालेल्या चांगल्या कामांपैकी हे एक होतं, आणि ते मी जपून लिहितो आहे.

मामांच्या यादीत शंभरावर नावं आहेत. त्यांच्या शेडमधली थोडी, शेजारच्या शेडांतली जास्त. आधारचा स्तंभ बारा-बारा अंकांनी गच्च भरलेला. शेजारी मोबाइल, ज्याच्याकडे फोन नव्हता त्याच्यापुढे भावाचा किंवा गावच्या दुकानदाराचा नंबर. सगळ्यात उजवीकडे एक स्तंभ, मथळा ‘गाडी’. काही ओळींत ‘बसला’, काहींत रिकामं, आणि पाच-सहा ओळींत मामांनी त्या वेळी मोबाइलवर बोलून लिहिलेलं ‘चालत गेला’. त्याच फोल्डरमध्ये आधारकार्डांचे फोटो, पुढची बाजू, मागची बाजू, काही कार्डांवर धरणाऱ्याच्या अंगठ्यासकट.

भाची : या माणसांनी तुला हे दिलं ते गाडीत बसण्यासाठी. गाडी सुटून वर्षं झाली. आज हा लॅपटॉप कोणाच्या हाती गेला असता तर नाव, बापाचं नाव, गाव, आधार, फोन, चेहरा, सगळं एका जागी. फोनवर गंडा घालणाऱ्याला याहून जास्त काय लागतं? ‘तुमच्या लॉकडाउनच्या वेळच्या मदतीचे पैसे अडकलेत’ म्हणून फोन आला आणि समोरच्याने तुझ्या शेडचं नाव घेतलं, तर तो माणूस विश्वास ठेवणार नाही का? तुझ्या नावावर ठेवेल, मामा.

मामा : (थोडं थांबून) आधारची झेरॉक्स तर सगळीकडे जाते. लॉजवर देतात, सिमकार्डवाल्याला देतात.

भाची : आणि म्हणूनच २७ मे २०२२ला यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने सांगितलं, की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार द्या. गैरसमज होतोय म्हणून दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. पण मास्क केलेलं आधार आजही मिळतं. सगळीकडे जातं म्हणून आपणही सांडायचं का?

इथपर्यंत भाचीचं पारडं जड होतं. पण मामांनी पुढे जे म्हटलं ते मी या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं मानतो. डेटा पुसण्याच्या चर्चेत ते सहसा कोणी बोलत नाही.

मामा : आता माझं ऐक. तू म्हणतेस पुसा. या गावात पुसायला उतावीळ कोण असतो ते मी बघितलंय. कारीगर दहा वर्षं एका शेडमध्ये राबतो. हात अडकून बोट गेलं, किंवा मालकाने हिशेब बुडवला, आणि तो भरपाई मागायला गेला, की पहिला प्रश्न येतो : तू इथे कामाला होतास याचा पुरावा काय? त्याच्याकडे ना नेमणूकपत्र, ना पगाराची चिठ्ठी. मालक म्हणतो, याला मी ओळखतच नाही. रजिस्टर तर कधीच फाटलं. आता तोच मालक म्हणेल, लॅपटॉप फॉरमॅट मारला. पुसलेलं रेकॉर्ड दर वेळी गरिबाचं रक्षण करतं असं समजू नकोस. पुष्कळदा ते मालकाचं रक्षण करतं. माझ्या या यादीत ‘चालत गेला’ लिहिलंय ना, ती माणसं भिवंडीतून चालत गेली हे दुसरीकडे कुठे लिहिलंय? सरकारकडे? गाडीत बसलेल्यांची यादी असेल. चालत गेलेल्यांची कोणी केली?

भाचीने लगेच उत्तर दिलं नाही. फाइल वर-खाली करून ‘गाडी’चा स्तंभ पुन्हा वाचला.

भाची : हे मला सुचलं नव्हतं. खरं आहे. पण मग मामा, तो पुरावा तुझ्याकडे का? कारीगराकडे का नाही? पगाराची नोंद त्याच्या हाती दे, सही करून दे, मोबाइलवर पाठव. त्याच्या कामाचा पुरावा तुझ्या डी ड्राइव्हमध्ये कैद आहे, आणि त्याचं आधार मात्र मोकळं फिरतंय. हे उलटं झालं.

मामा : पगाराचं रजिस्टर मी पुसणार नाही.

भाची : नको पुसूस. पगाराचं रजिस्टर त्याच्या हक्काचं आहे, ते ठेव. आधारचे फोटो कोणाच्या हक्काचे? त्याला ते उपयोगाचे नाहीत, तुला नाहीत, जीएसटीवाल्यालाही नाहीत. उपयोग फक्त चोराला.

कायदाही साधारण याच रेषेवर उभा आहे. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, आणि व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. कायदा सांगतो, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसा. अपवाद दुसऱ्या एखाद्या कायद्याने ती ठेवायला सांगितली असेल तर. म्हणजे मामांची बिलं आणि हिशेब ७२ महिने राहतात, आणि गाडी सुटल्यावर आधारचे फोटो ठेवण्याचं कारण संपतं. दीड वर्षाची वाट कशाला बघायची, हा माझा प्रश्न आहे. अंगठ्यासकट फोटो काढून देणाऱ्या माणसाने आपल्यावर टाकलेला विश्वास नियमांच्या आधीचा आहे.

मामा : चल, मी आत्ता आधारचा स्तंभ उडवतो. मोबाइलचाही. नावं, गाव आणि ‘गाडी’ ठेवतो. तेवढं मी ठेवणारच.

त्यांनी दोन्ही स्तंभ निवडले, डिलीट केले, फाइल सेव्ह केली.

भाची : गेले?

मामा : गेले. दिसत नाहीत.

भाचीने ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडलं, फाइलवर उजवी टिचकी मारली आणि जुन्या आवृत्त्यांची यादी काढली. काही मिनिटांपूर्वीची आवृत्ती तिथे होती, आधारच्या स्तंभासह. एका टिचकीत परत येण्यासारखी.

मामा : हे काय आता!

भाची : तूच मघाशी म्हणालास ना, परत येतं ते बरं. ही सोय चांगलीच आहे. चुकून उडवलं तर वाचवते. पण तुला उडवायचंच असेल तर नवी फाइल कर, त्यात लागतील तेवढेच स्तंभ घे, जुनी फाइल डिलीट कर, मग रिसायकल बिन रिकामा कर. इथला वेगळा, वनड्राइव्हचा वेगळा. आणि ही यादी तू कोणाकोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होतीस?

मामा : शेडवाल्यांच्या ग्रुपवर. दोघा-तिघा ओळखीच्यांना. स्टेशनवर बसलेल्या पोराला.

भाची : त्या प्रती आपल्याला पुसता येणार नाहीत. सांगता मात्र येतील.

व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या गोष्टी किती टिकतात याचा धडा महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये घेतला. मुंबईतल्या एका गाजलेल्या तपासात काही वर्षांपूर्वीचे चॅट वाहिन्यांवर झळकले, आणि लोक विचारू लागले की संदेश तर कुलूपबंद असतात, मग हे बाहेर आले कुठून? पाठवतानाचा संदेश कुलूपबंद असला, तरी ज्या फोनवर तो उतरतो तिथे तो वाचता येतो, आणि गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला व्हॉट्सअ‍ॅपचं तसं कुलूप तेव्हा नव्हतं. बॅकअपलाही असं कुलूप लावायची सोय ऑक्टोबर २०२१मध्ये आली, आणि तीही आपण स्वतः सुरू केली तरच.

वादाचा उरलेला भाग मामीच्या रिपोर्टांवरून झाला, तो थोडक्यात सांगतो. मामी चहा घेऊन वर आल्या आणि डेस्कटॉपवर आपलं नाव बघून थांबल्या. त्यांनी एकच विचारलं : हे मेहताजींच्या घरी जाणार होतं? मामांकडे त्याला उत्तर नव्हतं. दुसऱ्याच्या कागदांबद्दल आपण ‘काय बिघडतं’ म्हणतो, ते आपल्या घरच्या कागदांबद्दल म्हणता येत नाही. गोरखपूरकडच्या त्या शंभर घरांतही कोणीतरी असंच थांबलं असतं.

मग कामाला लागले दोघे. मामांनी आधी टॅलीचा डेटा बाहेरच्या ड्राइव्हवर घेतला आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला. बॅकअप घेतला असं म्हणणं आणि तो उघडतो हे बघणं यांत बरंच अंतर असतं. आवश्यक तेवढंच घेऊन, पासवर्ड लावून तो ड्राइव्ह कपाटात गेला. त्यानंतर वनड्राइव्ह, गूगल आणि क्रोममधून साइन आउट. मग लॅपटॉपच्या कंपनीने बायोसमध्ये दिलेली ड्राइव्ह पुसण्याची आज्ञा चालवली. ती सी आणि डी असा भेद करत नाही, अख्खा ड्राइव्ह घेते. शेवटी कोरं विंडोज टाकलं आणि अकाउंट टाकायची वेळ आली तेव्हा मेहताजींच्या मुलीला बोलावून तिचंच टाकलं.

भाचीचं म्हणणं असं, की हे सगळं पहिल्या दिवशी ड्राइव्हला एन्क्रिप्शनचं कुलूप लावलं असतं तर सोपं झालं असतं. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. ड्राइव्हवरचं सगळं कुलपाच्या आत राहतं. मशीन देताना किल्ली नष्ट केली की मागे उरलेला मजकूर वाचता येत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या डेटा पुसण्याच्या मार्गदर्शिकेतही ही पद्धत मान्य आहे. मात्र तीच किल्ली आपण हरवली तर आपलाही डेटा जातो, म्हणून ती कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवायची. मामांना हे पटलं नाही. किल्ली हरवायची भीती त्यांना चोरापेक्षा मोठी वाटते, आणि २००५चं पाणी पाहिलेल्या माणसाला ती वाटावी. त्या मुद्द्यावर दोघं अजून भांडतात.

यादीचं मात्र ठरलं. नावं, गावं आणि ‘गाडी’ हा स्तंभ मामांकडे राहील. भाचीला तेही जायला हवं होतं. इथे मी मामांच्या बाजूने आहे. आधार, फोन आणि फोटो गेले. इथे भाची शंभर टक्के बरोबर आहे. जुनी हार्ड डिस्क मागायला मामा दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे गेले, तर ती केव्हाच भंगारात गेली होती.

टाळेबंदीत दुसऱ्यांसाठी याद्या केलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, मग ती शेडची असो, सोसायटीची, मंडळाची की मदत केंद्राची. ती यादी आज कुठे कुठे आहे ते शोधा : लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये, वनड्राइव्हवर, गूगल ड्राइव्हवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या ग्रुपमध्ये, काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर. माणसांच्या कामाची आणि मजुरीची नोंद असेल तर ती त्यांच्या हाती द्या. त्यांचे आधारचे फोटो असतील तर पुसा, बिनमधूनही पुसा, आणि ज्यांना पाठवले होते त्यांना फोन करून पुसायला सांगा. लॅपटॉप दुसऱ्याला देणं त्यानंतर.